शेकरूची शेपटी कशासाठी? लहान मुलांना पावसाळी रानातले प्राणी शिकवताना

पहिलीच्या वर्गात हा विषय मी पहिल्यांदा घेतला तेव्हा भिंतीवर ॲमेझॉनच्या वर्षावनाचा मोठा तक्ता लावला होता. जग्वार, स्लॉथ, टूकन, झाडावरचे रंगीत बेडूक. आठवडाभरात मुलांना सगळी नावं पाठ झाली. मग एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्या रानातल्यांना काय काय येतं?" आमच्या शाळेच्या मागे डोंगर आहे आणि जूनपासून तो ढगात असतो. त्या प्रश्नानंतर मी क्रम उलटा केला. आता मी आधी सह्याद्री घेते आणि ॲमेझॉन सगळ्यात शेवटी.

हा लेख पाच ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही बालवाडीताई असाल, शिक्षक असाल किंवा घरी दोन मुलांना घेऊन बसलेले आईबाबा असाल. रोज अर्धा-पाऊण तास धरला तर आठवडा ते दहा दिवस लागतात. जुलै-ऑगस्ट मिळाला तर फारच छान, कारण निम्मं साहित्य पाऊसच आणून देतो.

एक खुलासा मोठ्यांसाठी. महाराष्ट्र-गोव्याच्या घाटात आहेत ती सदाहरित आणि निमसदाहरित जंगलं. ॲमेझॉनसारखा बारा महिने पाऊस आपल्याकडे नाही. चार महिने कोसळतो आणि मग बराच काळ कोरडा जातो. पण उंच झाडांचं दाट छत, खाली अंधार, सगळीकडे ओल या वर्षावनाच्या खुणा आंबोली, कोयना, चांदोली, भीमाशंकरच्या दाट भागात मुलांना डोळ्यांनी बघता येतात. मुलांशी बोलताना मी 'पावसाळी रान' म्हणते.

आधी स्वतःची भाषा तपासा

अनुकूलनाचा सोपा अर्थ आपण 'परिस्थितीशी जुळवून घेणं' असा सांगतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. घरात मुलं हे शब्द रोज ऐकतात. धाकट्या भावाशी जुळवून घे, नव्या शाळेत जुळवून घे. म्हणजे ठरवून, प्रयत्न करून स्वतःला बदलणं. मग मूल सरळ पुढचा विचार करतं: बेडकाला उडायचं होतं, त्याने खूप प्रयत्न केला आणि त्याच्या बोटांमध्ये पडदे आले. ही गोष्ट ऐकायला गोड वाटते, पण निसर्गात तसं घडत नाही, आणि एकदा डोक्यात बसली की पुढे मोठ्या वर्गात उत्क्रांती शिकतानाही ती निघत नाही.

खरं घडतं ते असं. एकाच आईबापांची पिल्लं अगदी एकसारखी नसतात. एखाद्याच्या बोटांमधला पडदा जरा मोठा, एखाद्याचा जरा लहान. त्या जागी मोठा पडदा उपयोगी पडला तर तसली पिल्लं जास्त जगतात, त्यांना पिल्लं होतात आणि त्यांच्यात तो पडदा उतरतो. अशा असंख्य पिढ्या जातात. कोणा एका बेडकाने काहीच ठरवलेलं नसतं.

सहा वर्षांच्या मुलाला हे सगळं सांगायचं नाही. फक्त आपलं वाक्य बदलायचं. 'झाडावरून उतरता यावं म्हणून बेडकाने पडदे वाढवले' हे वाक्य सोडून द्या. 'या बेडकाच्या बोटांमध्ये मोठे पडदे आहेत, त्यामुळे त्याला तरंगत खाली येता येतं' असं म्हणा. 'आहे, त्यामुळे जमतं' ही बोलण्याची घडी आठवडाभर सोडू नका. सुरुवातीला माझीही जीभ घसरायची. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते: आहे, त्यामुळे.

दुसरी गोष्ट, प्राण्यापासून सुरुवात करू नका, अडचणीपासून करा. "हे शेकरू, याला लांब शेपटी असते" असं सांगितलं की मूल ऐकतं आणि विसरतं. "तू उंच झाडावर राहतोस, समोरच्या झाडावर फळ आहे, खाली उतरलास तर बिबट्या आहे, आता काय करशील?" असं विचारलं की मूल उठून उभं राहतं.

पहिला दिवस: खोलीत रान उभं करा

आधी पाऊस मोजा. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे ७० सेंटिमीटर. भिंतीवर तेवढ्या उंचीची खडूने खूण करा. पहिलीतल्या मुलाच्या कमरेच्या वर येते. आंबोलीला पडतो सात हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे सात मीटर. मुलांना अंगणात न्या आणि दुमजली इमारतीच्या गच्चीकडे बोट दाखवा: पडलेलं सगळं पाणी वाहून न जाता साठलं असतं तर तिथपर्यंत आलं असतं. आणि यातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत. या एका गोष्टीने मुलं गप्प होतात. पुढचे सगळे प्रश्न याच पाण्यातून निघतात.

मग उजेड. खोली अंधारी करा. एका मोठ्या माणसाने टॉर्च वरून खाली धरायचा, खाली पांढरा कागद. आता टॉर्च आणि कागदाच्या मध्ये हिरवी ओढणी ताणून धरा. मग दुसरी आणि तिसरी. प्रत्येक ओढणीला कागदावरचा उजेड कमी होत जातो. दाट वर्षावनात जमिनीपर्यंत पोचणारा सूर्यप्रकाश शंभरात एक-दोन भाग एवढाच असतो. मुलांना आकडा सांगू नका, तिसऱ्या ओढणीखाली चित्राचं पुस्तक वाचायला सांगा. वाचता येत नाही, आणि जमिनीवर राहणाऱ्यांची अडचण त्यांना तिथेच कळते.

आता रानाचे मजले आखा. एका जुन्या चादरीवर किंवा भिंतीवर चार पट्टे पुरतात: सगळ्यात उंच झाडांचे शेंडे, त्याखाली फांद्यांचं दाट छत, त्याखाली झुडपं आणि वेली, तळाला पालापाचोळा. शेंड्यावर ऊन आणि वारा, छतात फळं आणि पानं, खाली ओल आणि अंधार. कुठला प्राणी कुठे राहतो हे आज सांगायचंच नाही. पट्टे रिकामे ठेवा. रिकामी जागा दिसली की मुलं दुसऱ्या दिवशी आपणहून विचारतात, इथे कोण येणार?

दुसरा दिवस: पानाचं टोक

हा दिवस छोटा आहे आणि प्राण्यांचा नाही, पण गाळू नका. पिंपळाची दोन ताजी पानं घ्या. पिंपळाच्या पानाला लांब शेपटीसारखं टोक असतं. एका पानाचं टोक कात्रीने गोल कापून टाका, दुसरं तसंच ठेवा. दोन्ही पानं सारखी तिरकी धरा आणि चमच्याने थोडं थोडं पाणी घाला. टोक असलेल्या पानावरून पाणी टोकाशी जमून टपटप गळून जातं, कापलेल्या पानाच्या कडेला ते रेंगाळतं. फरक दर वेळी ठळक दिसत नाही. पान धूळभरलं असेल तर आधी पुसून घ्या आणि तीन-चारदा करून बघा.

रानात सतत ओलं राहिलेल्या पानावर शेवाळं आणि बुरशी धरते, ऊन अडतं. म्हणून पावसाळी रानातल्या पुष्कळ झाडांच्या पानांना असं टोक दिसतं. आपण कापलं ते टोक रानात मात्र जन्मजात असतं, हे इथेच बोलून घ्या. 'आहे, त्यामुळे जमतं' हे मुलांच्या कानावर पहिल्यांदा इथे पडतं.

तिसरा दिवस: शेकरू

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि १९८५ मध्ये भीमाशंकरचं अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. तांबूस पाठ, फिकट पोट, आणि अंगाइतकी किंवा त्याहून लांब झुबकेदार शेपूट. वजन दीड-दोन किलो. मुलांच्या हातात दोन किलो तांदळाची पिशवी द्या: "एवढं वजन घेऊन फांदीवरून फांदीवर."

अंगणात सहा मीटर सुतळी सरळ टाका. शेकरू एका झेपेत साधारण एवढं अंतर तोडतं. प्रत्येक मुलाने सुतळीच्या एका टोकापासून उडी मारायची, जिथे पडेल तिथे खडा ठेवायचा. पहिलीतलं मूल एक मीटरच्या आसपास पडतं. खडे आणि सुतळीचं दुसरं टोक यांच्यातली रिकामी जागा मुलं बराच वेळ बघत राहतात. एका मुलाने उड्यांची बेरीज करून सांगितलं होतं की आम्ही सहाजण मिळून एक शेकरू.

आता शेपटी. जमिनीवर एक दोर सरळ टाका आणि त्यावरून चालायला सांगा. पहिल्यांदा हात अंगाला चिकटवून, दुसऱ्यांदा हात पसरून. तोल सांभाळायला बाजूला काहीतरी पसरलेलं लागतं, हे अंगाला कळतं. शेकरूच्या शेपटीचं मोठं काम हेच. मागच्या पायांनी फांदीला लटकून पुढच्या पायांत फळ धरून खाताना एका बाजूला डोकं आणि हात, दुसऱ्या बाजूला शेपूट. किराणा दुकानातला तराजू ज्यांनी बघितला आहे त्यांना पटकन समजतं. हल्लीच्या मुलांनी तो बघितलेला नसतो, तेव्हा पट्टी बोटावर तोलून दाखवा.

शेकरूचं घरटं हा या दिवसाचा सर्वांत चांगला भाग आहे, आणि बहुतेक तक्त्यांत तो नसतोच. काटक्या-पानांचा मोठा गोल गोळा ते झाडाच्या बारीक फांद्यांवर बांधतं, आणि एक नाही, अनेक घरटी बांधतं. का बारीक फांदी? खराट्याची एक हीर टेबलाच्या कडेला अर्धी बाहेर काढून दाबून धरा. टोकाला दोऱ्याने चिंचोका बांधा. हीर जरा वाकते. चिंचोका सोडून बटाटा बांधा. हीर पार खाली येते, कधी मोडते. चिंचोका म्हणजे शेकरू, बटाटा म्हणजे बिबट्या. हे एकदा दाखवलं की "मग गरुड आला तर?" असा प्रश्न येतोच. तेव्हा पानांचा बंद गोळा आठवून द्या; वरून आत कोण आहे ते दिसत नाही. आणि एकच घरटं नसल्यामुळे शेकरू आज नेमकं कुठे झोपलंय हे कोणाला ठाऊक नसतं.

शेवटी मुलं शेकरूचं चित्र काढून पट्ट्यावर चिकटवतात. कुठल्या पट्ट्यावर, ते त्यांना ठरवू द्या, पण कारण विचारा.

चौथा आणि पाचवा दिवस: उडता बेडूक

यावर दोन दिवस द्या. मलबारी उडता बेडूक आंबोलीच्या पावसातला सगळ्यात देखणा रहिवासी असं मला वाटतं. पोपटी हिरवं अंग, हातापायांच्या बोटांमध्ये नारिंगी-लाल पडदे, बोटांच्या टोकांना चिकटून धरणाऱ्या गोल गाद्या. हा पंख मारत उडत नाही, पडदे पसरून तिरका तरंगत उतरतो. नऊ ते बारा मीटरपर्यंत.

चौथ्या दिवशी पडदे. दोन सारखे हातरुमाल घ्या. एकाची गाठ मारून गोळा करा, दुसरा पसरलेला ठेवा. खुर्चीवर उभं राहून दोन्ही एकदम सोडा. वजन तेच, पण पसरलेला सावकाश येतो. मग बादलीभर पाण्यात हात: आधी बोटं फाकवून पाणी ढकलायचं, मग त्याच हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. पिशवी बोटांच्या मध्ये ताणली गेली की पाणी जोरात अडतं. हवेचंही तसंच होतं असं सांगितलं की पुरे, हवेच्या दाबाचं व्याख्यान नको.

मुलांचा हमखास प्रश्न: मग तो उतरतो कशाला, वरच का राहत नाही? कारण त्याची पिल्लं पाण्यात वाढतात. इथून पाचवा दिवस सुरू होतो.

अडचण अशी मांडा. तू बेडकीण आहेस. डबक्यात अंडी घातलीस तर मासे आणि पाण्यातले किडे खातात. झाडावर घातलीस तर उन्हा-वाऱ्याने सुकतात. काय करशील? मुलांना पाच मिनिटं आपसांत बोलू द्या. "पिशवीत ठेवीन", "तोंडात धरीन", "झाडाच्या ढोलीत पाणी भरून ठेवीन". यातली काही उत्तरं जगातल्या कुठल्या ना कुठल्या बेडकाची खरीच आहेत. तेव्हा कुठल्याच उत्तराला हसू नका.

या बेडकाची मादी पाण्यावर ओणवलेल्या पानांवर येते, अंगातून निघालेला चिकट द्रव पायांनी घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. फेसाचं बाहेरचं आवरण सुकतं, आतली अंडी ओली राहतात. अंड्यातून बेडूकमासे बाहेर येतात आणि खालच्या पाण्यात टपकतात.

हे करून बघायला रिठे लागतात. चार-पाच रिठे फोडून, बी काढून, रात्री कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी गाळून रवीने घुसळा, दाट फेस येईल. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, तेव्हा घुसळायचं काम मोठ्यांनीच करा. भिजवलेल्या साबुदाण्याचे दहा-बारा दाणे एका पानावर नुसते ठेवा, तेवढेच दुसऱ्या पानावर फेसात दडवून ठेवा. दोन्ही पानं पंख्याखाली. अर्ध्या-पाऊण तासाने बोटाने चाचपून बघा: उघडे दाणे वरून कोरडे, फेसातले अजून ओले. आपला फेस लवकर बसतो, बेडकीचा कित्येक दिवस टिकतो, हा फरक मुलांना सांगा, नाहीतर ती उद्या येऊन विचारतील.

मुलं रमलेली असतील तर आणखी एक जोड द्या. आंबोलीत बोटाच्या पेराएवढा एक झुडपी बेडूक आहे, त्याला बेडूकमाशाची अवस्थाच नाही. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. म्हणजे डबकं लागतच नाही. एकाच रानात, एकाच पावसात, एकाच अडचणीला दोन निरनिराळी उत्तरं. माझ्या अनुभवात, मुलं सगळ्यात जास्त चकित होतात ती इथे.

सहावा दिवस: धाग्यांचा खेळ

बाकी काही जमलं नाही तरी हा खेळ जरूर घ्या. सगळ्या आठवड्याचं मर्म यात आहे.

लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे करा. ४० हिरवे, ४० विटकरी. गवताच्या तुकड्यावर प्रत्येक रंगाचे २० टाका. हे सुरवंट. मुलं म्हणजे पक्षी. एकेका पक्ष्याने यायचं, जो पहिला दिसेल तो सुरवंट दोन बोटांनी उचलायचा, वाटीत टाकायचा आणि रांगेच्या शेवटी जायचं. शोधत बसायचं नाही. वीस सुरवंट खाल्ले गेले की थांबा.

आता गवतात उरलेले वीस गोळा करून मोजा. समजा १४ हिरवे आणि ६ विटकरी. प्रत्येक उरलेल्या सुरवंटाला त्याच्याच रंगाचं एक पिल्लू होतं. म्हणजे पुढच्या फेरीला २८ हिरवे, १२ विटकरी, एकूण पुन्हा ४०. परत गवतावर पसरा, परत खेळा. तीन फेऱ्यांचे आकडे फळ्यावर रेघा मारून लिहा. बहुतेक वेळा हिरव्या रेघा वाढत जातात आणि विटकरी आटतात.

इथे थांबून विचारा: हिरव्या धाग्याने काही केलं का? त्याने रंग बदलला का? तो जास्त पळाला का? मुलं हसतात. "बाई, धागा काय करणार!" अगदी बरोबर. तो हिरवा होता, गवतही हिरवं होतं, त्यामुळे पक्ष्याला दिसला नाही, त्यामुळे उरला, त्यामुळे त्याची पिल्लं झाली.

मग तोच खेळ तांबड्या मातीच्या अंगणात घ्या. कोकणात आणि गोव्यात शोधावी लागणार नाही. देशावर असाल तर विटांचा भुगा पसरा किंवा विटकरी सतरंजी चालेल. आता हिरवे पटापट उचलले जातात आणि विटकरी वाढतात. हिरवा रंग 'चांगला' आणि विटकरी 'वाईट' असं काही नसतं, जागा बदलली की हिशेब बदलतो, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात. खेळ संपल्यावर सगळे तुकडे मोजून परत घ्या. लोकर पक्ष्यांच्या पायांत अडकते.

याला जोडून हरणटोळ आणि चापडा या दोन सापांची छायाचित्रं दाखवा. हरणटोळ हा हिरवा, दोरीसारखा सडपातळ साप वाऱ्यावर हलणाऱ्या वेलीसारखा डुलतो. मलबारी चापडा तर एकाच रानात हिरवा, पिवळा, तपकिरी अशा वेगवेगळ्या रंगांत सापडतो. "मग पिवळा कुठे बसला तर दिसणार नाही?" एवढाच प्रश्न विचारून सोडून द्या.

सातवा दिवस: तळमजल्यावर एक, ढोलीत एक

खवले मांजर तळाशी. त्याचे खवले आपल्या नखांच्याच पदार्थाचे असतात, दात नसतात, आणि जीभ लांब, चिकट. मुंग्या आणि वाळवी हा आहार. अरुंद तोंडाच्या बाटलीत राजगिऱ्याच्या लाह्या भरा. एका मुलाला चिमटा द्या, दुसऱ्याला गुळाच्या पाकात बुडवलेली लांब काडी. कोणाच्या जास्त लाह्या निघतात ते बघा आणि मग सगळ्यांना लाडू द्या. संकट आलं की ते अंगाचं वेटोळं करतं, पोट आत, खवले बाहेर. चटईवर मुलांना तसं गोल व्हायला सांगा: कुठला भाग लपवावासा वाटला?

धनेशाला तुमच्या भागात ककणेर किंवा माडगरुड म्हणत असतील, तेच नाव वापरा. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा-चिखलाने दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. नर तिला आणि पुढे पिल्लांनाही फळं आणून भरवतो. मोठं खोकं घेऊन त्याला एक उभी फट पाडा. एक मूल आत, दुसरं बाहेरून चिमट्याने केळ्याचा काप देतं. खोक्याची मागची बाजू उघडीच ठेवा आणि ज्याला आत जायचं नसेल त्याला आग्रह करू नका. काही मुलं घाबरतात.

धनेशाबद्दल एवढं मात्र सांगाच: तो वड-उंबरासारखी फळं खातो आणि बिया लांबवर टाकतो. म्हणजे रान प्राण्यांना सांभाळतं आणि प्राणी रानाला. त्या ढोलीसाठी जुनं, जाडजूड झाड लागतं. असं झाड तोडलं तर पुढच्या वर्षी धनेशाने अंडी कुठे घालायची, हा प्रश्न लहान मुलांपुढे ठेवायला मला संकोच वाटत नाही.

खऱ्या रानात

शक्य असेल तर मुलांना एकदा तरी दाट झाडीत न्या. आंबोली-भीमाशंकरलाच गेलं पाहिजे असं नाही. कोकणात आणि घाटावर गावोगावी देवराई आहे. मोडलेली फांदीसुद्धा न उचलण्याची परंपरा जिथे पाळली गेली, तिथे जुन्या रानाचा तुकडा अजून उभा आहे. गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या, तिथले नियम पाळा, चपला काढायच्या असतील तर काढा.

या वयाच्या मुलांना सकाळीच न्या. पायांत मोजे आणि बूट, जळवांसाठी मीठ न टाकता नखाने हलकेच सरकवून काढायची सवय. बेडकांना हात लावायचा नाही. त्यांची कातडी ओली, नाजूक असते आणि आपल्या हाताला घाम, तेल, मीठ असतं. साप दिसला तर जागेवर थांबायचं आणि मोठ्यांना सांगायचं. रानात शिरल्यावर दोन मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून उभं राहायचं आणि किती वेगवेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजायचं. दाट झाडीत दूरचं दिसत नाही. बेडूक, रातकिडे, पक्षी एकमेकांना आवाजाने शोधतात. हा मुद्दा वर्गात सांगून पोचत नाही, तिथे दोन मिनिटांत पोचतो.

समजलं की नाही, कसं ओळखायचं

तोंडी प्रश्न विचारू नका, पाठ केलेली उत्तरं येतात. मुलांना चिकणमाती द्या आणि चिठ्ठ्यांवर अडचणी लिहून एकेक उचलायला सांगा: 'रात्रीच बाहेर पडायचं आहे', 'झाडाच्या सालीवर दिवसभर बसायचं आहे', 'फळ फांदीच्या अगदी टोकाला आहे', 'अंडी सुकू द्यायची नाहीत'. त्या अडचणीत निभावणारा नवा प्राणी बनवायचा. मग फक्त एक प्रश्न: हे कशासाठी? मोठे डोळे, लांब हात, चपटं अंग यांचं कारण मूल अडचणीशी जोडत असेल तर समजलं. प्राणी सुबक झाला की नाही याला महत्त्व नाही. "छान दिसतं म्हणून" असं उत्तर आलं तर रागावू नका, त्या मुलाला हीर आणि बटाट्याचा प्रयोग पुन्हा करू द्या.

सालीवर बसणाऱ्या प्राण्याची चिठ्ठी ज्याला आली, त्याचं काम झाल्यावर त्याला उडत्या सरड्याचं चित्र दाखवा. गोव्यात आणि त्याच्या दक्षिणेला सुपारीच्या बागांतही हा दिसतो. बसला की साल, झेपावला की बरगड्यांवर ताणलेली कातडी पंख्यासारखी उघडते. सिंगापूरला राहणाऱ्या मराठी घरांसाठी तर हे सोपं आहे, याच सरड्याचे भाईबंद तिथल्या बागांतल्या झाडांवर दिसतात. सकाळी खोडं निरखत चाललं की झालं.

आणि आता ॲमेझॉन

आता तो तक्ता काढा. मुलं आता नावं विचारत नाहीत, 'हे कशासाठी' विचारतात. स्लॉथच्या केसांत हिरवं शेवाळ उगवतं, हे ऐकल्यावर धाग्यांचा खेळ खेळलेलं मूल कारण स्वतः सांगतं. सर्वांत चांगली तुलना आहे शेपट्यांची. आपला वानर आणि तिकडचा स्पायडर मंकी यांची छायाचित्रं शेजारी ठेवा. दोघांची शेपूट लांब. वानराच्या शेपटीने तोल साधतो, पण तिने फांदी पकडता येत नाही. स्पायडर मंकी शेपटीने फांदी धरून चक्क लटकतो. त्याच्या शेपटीच्या टोकाला आतल्या बाजूने केस नसतात आणि आपल्या बोटांसारख्या रेषा असतात.

दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "मग आपल्या वानराला तशी शेपटी का नाही? त्यालाही उपयोग झाला असता." तेव्हा मी धाग्यांची पिशवी पुन्हा काढते आणि विचारते, आपण एवढ्या फेऱ्या खेळलो, निळा सुरवंट एकदाही का आला नाही? मुलं पिशवीत हात घालून बघतात. निळी लोकर त्या पिशवीत पहिल्यापासून नव्हतीच.